वर्षाला एक डॉलर भाडं

११ ऑक्टोबर १९७२. सिएटल शहरातल्या बीकन हिलवर १९०४ साली बांधलेली एक शाळा बंद पडून होती. रॉबेर्तो माएस्तास नावाचे शिक्षक काही लोकांना घेऊन तिथे गेले आणि म्हणाले, इमारत आतून बघायची आहे. दार उघडलं गेलं. मागोमाग बायकापोरांसकट सगळा जमाव आत शिरला आणि बाहेर यायचं नाव घेईना.

कारण साधं होतं. परक्या मुलखातून आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणारा एक वर्ग तिथल्या कम्युनिटी कॉलेजात चालायचा. सरकारी पैसा आटला आणि वर्ग बंद झाला. शिकणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. यातली कित्येक कुटुंबं वॉशिंग्टन राज्यात आधी सफरचंदाच्या बागांत आणि हॉप्सच्या मळ्यांत राबायला आली आणि मग शहराकडे वळली. स्वतः माएस्तास यांनी लहानपणी शेतमजुरी केलेली. त्यांनी अर्जविनंत्यांत वर्षं घालवली नाहीत, सरळ कब्जा केला. शाळेत ना पाणी होतं, ना गरम हवेची सोय. सिएटलचा हिवाळा म्हणजे बर्फ कमी आणि ओल फार. त्या ओलीत ही मंडळी तीन महिने राहिली, मोर्चे काढले, नगर परिषदेच्या सभागृहात ठिय्या दिला, अटकही सोसली. शेवटी वर्षाला १ डॉलर भाड्यानं ती शाळा त्यांना मिळाली. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला असता, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

ही संस्था म्हणजे 'एल सेंत्रो दे ला रासा'. पन्नाशी उलटली तरी ती त्याच इमारतीत आहे, आणि १९९९ मध्ये तिनं ती विकतच घेतली. नाव स्पॅनिश असलं तरी लढा एकट्या लॅटिनोंचा नव्हता. मूळनिवासींचे बर्नी व्हाइटबेअर, फिलिपिनो वंशाचे बॉब सँटोस, कृष्णवर्णीयांचे लॅरी गॉसेट आणि माएस्तास या चौघांना शहर 'गँग ऑफ फोर' म्हणायचं. एकाच्या मोर्चाला बाकीचे तिघे हजर. जातवार महामंडळांची सवय झालेल्या आपल्याला हे जरा जडच जातं.

भांडण मोठ्यांच्या इंग्रजीसाठी होतं, पण पोर सांभाळायला कुणी नसेल तर आई संध्याकाळच्या वर्गाला बसणार कशी? म्हणून बालकेंद्र आलं. तिथे स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत शिकवतात. यातही मला फार अर्थ वाटतो. अशा घरांत पोरगं इंग्रजी शाळेत गेलं की दोन वर्षांत घराचा दुभाषी होऊन बसतं. दवाखान्याच्या खिडकीपाशी आठ वर्षांची मुलगी आईचं दुखणं डॉक्टरला समजावून सांगते, घरमालकाची नोटीस वाचून दाखवते. आईबापांना मुलांपुढे लहान व्हावं लागतं. पोराची स्पॅनिश टिकली आणि आईला इंग्रजी आली, तरच हे ओझं दोन्हीकडून हलकं होतं.

या बालकेंद्राला नाव दिलंय होसे मार्ती यांचं. क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारा हा कवी कित्येक वर्षं न्यूयॉर्कमध्ये परागंदा होता, आणि तिथूनच त्यानं १८८९ मध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी एक मासिक काढलं. जेमतेम चार अंक निघाले. स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेला याहून चपखल नाव मिळणं कठीण.

२००९ मध्ये इमारतीच्या शेजारीच लाइट रेलचं स्टेशन झालं. जमिनीखाली इतकं खोल की वर यायला लिफ्टच लागते. स्टेशन आलं की आसपासच्या जागांचं आणि भाडेकरूंचं काय होतं, हे मुंबईकराला सांगायला नको. एल सेंत्रोनं मात्र आपल्या मोकळ्या जागेवर कमी उत्पन्नवाल्यांसाठी ११२ घरं बांधली. २०१६ पासून तिथे लोक राहतात, वाढलेल्या बालकेंद्राचे वर्गही त्याच आवारात आहेत. जागा हातात होती म्हणून हे जमलं. अनुदानावर जगणारे उपक्रम येतात आणि जातात. सातबारा आपल्या नावावर असेल तर पुढच्या पिढीला काहीतरी उरतं.

आता भीतीचं. १९८२ च्या एका निकालानं अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेत शिकायचा हक्क मिळाला, तो कायम आहे. पण शाळा, चर्च, दवाखाने इथे सहसा धरपकड करायची नाही, हे धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. तेव्हापासून देशभरच्या अशा केंद्रांत एक फॉर्म फार भरला जातो. मला पकडून नेलं तर मुलाला शाळेतून कोणी आणायचं, त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, औषध किती वाजता द्यायचं, बाईंचं नाव काय. आई हे सगळं बालवाडीच्या बुटक्या खुर्चीवर बसून लिहिते.

तिकडच्या मराठी दिवाणखान्यांतून यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं: 'आम्ही रांगेत उभं राहून आलो, ते कुंपणावरून उडी मारून.' मला हे वाक्य पूर्वीही आवडत नव्हतं; आता तर ते खरंही राहिलेलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या २० जानेवारी २०२५ च्या आदेशानं जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारायचं ठरवलं, ते फक्त कागदपत्रं नसलेल्यांच्या बाळांचं नव्हे. आई एच-४ व्हिसावर, बाबा एच-१बी वर, म्हणजे सिएटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडमधल्या कितीतरी मराठी घरांतली बाळंही त्यात आली. तो आदेश पहिल्यांदा थोपवला सिएटलच्याच फेडरल कोर्टानं, तीन दिवसांत. पुढे सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या खटल्याच्या नावात 'कासा' आहे. ही मेरिलँडमधली संस्था, १९८५ मध्ये मध्य अमेरिकेतून पळून आलेल्या लोकांसाठी सुरू झालेली. आपल्या बाळांच्या नागरिकत्वासाठीही कोर्टाची पायरी हीच संस्था चढली. वादींमध्ये एकही महाराष्ट्र मंडळ नव्हतं.

तेव्हा तिकडच्या मंडळींना एक विनंती. यंदा गणपतीची वर्गणी जमली की ढोल-ताशाचा आणि जेवणाचा खर्च वजा करून जे उरेल, त्यातला एक चेक आपल्या गावातल्या अशा एखाद्या केंद्राच्या नावानं फाडा.