बायपासनंतर श्वासाची पाळी चुकवू नका



उसाचे सोडून ऊस विकास अधिकारी हृदयाच्या ऑपरेशनवर काय लिहिणार, असे आपणांस वाटेल. परंतु प्लॉट पाहण्याच्या निमित्ताने आम्ही बांधावर जातो तसे घरातही जातो. गेल्या दोन हंगामांत बायपास होऊन आलेले चार सभासद आम्ही पाहिले. त्यांपैकी तिघांच्या घरी, दवाखान्याने दिलेले तीन गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र एकतर कोनाड्यात, नाहीतर नातवाच्या हातात! "जोरात श्वास घेऊ नका, टाके उसवतील," असे घरचेच सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बायपासला सहसा छातीचे मधले हाड उभे कापून पुन्हा तारेने बांधतात. दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. मग फुफ्फुसाच्या खालच्या भागात हवा पोचत नाही, कफ साचतो व न्यूमोनियाची भीती राहते. सरीच्या टोकाला पाणी पोचले नाही तर तिथला ऊस कसा राहतो, हे आम्ही आपणांस काय सांगावे!

ते यंत्र फुंकायचे नसते, ओढायचे असते. एक आबा तर चुलीच्या फुंकणीसारखे फुंकत बसले होते. ताठ बसावे, श्वास सोडावा, नळी ओठांत घट्ट धरून हळूहळू आत ओढावा, ३ ते ५ सेकंद धरावा नि सोडावा. जागेपणी दर तासाला साधारण १० वेळा. तिन्ही गोळ्या चढल्याच पाहिजेत ही ईर्षा नको; गरगरले तर थांबावे. खोकला दाबू नये, उशी छातीशी कवटाळून खोकावे.

कपालभाती, भस्त्रिका मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर मोळी उचलणे नाही की ट्रॅक्टर नाही. ताप आला, धाप लागली, जखम वाहू लागली तर थेट दवाखाना गाठावा.

चौथ्या सभासदांच्या घरी वहिनींचा शिरस्ता कडक. घड्याळात टोला पडला की यंत्र हातात, पाहुणे बसलेले असोत वा नसोत. महिन्याभराने ते आमच्याबरोबर बांधापर्यंत चालत आले आणि लागणीची नोंद उशिरा झाली म्हणून आमच्यावर चांगले रागावलेही.

— ऊस विकास अधिकारी