गरिबी वेगळी, भेदभाव वेगळा

शालेय वक्तृत्व स्पर्धांत 'परिस्थितीवर मात' हा विषय हटकून असतो. भाषणातला गरीब मुलगा दिव्याखाली अभ्यास करतो, पहिला येतो आणि टाळ्या पडतात. चांगल्या मराठी कथा मात्र इतकी सोपी गोष्ट सांगत नाहीत. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी त्या नीट वाचाव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

आनंद यादवांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी 1987 साली आली आणि तिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा एक भाग 'जूझ' या नावाने एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी पुस्तकात घेतला गेला. आपल्या मध्य प्रदेशातली कितीतरी मराठी मुले तो हिंदीतून शिकली. मूळ पुस्तक आपल्या भाषेतले आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. कागलच्या आनंदाला वडील शाळेतून काढून शेतात जुंपतात. आई त्याला घेऊन गावातल्या दत्ताजीरावांकडे जाते. ते वडिलांना खडसावतात आणि शाळा पुन्हा सुरू होते. पण सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचे आणि शाळा सुटल्यावर ढोरे राखायची, या अटीवर. पुढे सौंदलगेकर मास्तरांमुळे त्याला कवितेची गोडी लागते आणि कागद नसला की तो म्हशीच्या पाठीवर काडीने ओळी लिहितो. गरिबीने त्याचे बालपण हिरावले, हे खरे. पण त्याची वाट एका वजनदार माणसाच्या शब्दाने मोकळी होऊ शकली.

आता नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या 'फँड्री' या चित्रपटातला जब्या पाहा. तोही शाळेत जातो, तोही गरीब आहे. मात्र तो कैकाडी समाजातला आहे आणि डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरच्यांकडेच येते. वर्गातली मुले पाहत असताना त्याला ते करावे लागते. लपून बसावेसे वाटते ते त्यामुळेच. फाटका शर्ट नवा घेता येईल. लोकांच्या नजरेचे काय करायचे? जब्याने कितीही अभ्यास केला तरी गावाने चिडवायचे थांबवल्याशिवाय त्याची सुटका नाही. म्हणून शेवटी तो दगड भिरकावतो आणि तो आपल्याच दिशेने येतो.

दोन्ही मुलांमधला हा फरक महत्त्वाचा आहे. गरिबीशी मुलगा काही प्रमाणात झुंजू शकतो. भेदभाव संपवण्याचे काम मात्र त्याचे नाही, इतरांचे आहे. जब्याची गोष्ट सांगून 'मेहनत करा, यश मिळेल' असे तात्पर्य काढले, तर दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो.

1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त एका दलित म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. हा प्रसंग वाचून आपले डोळे पाणावतात आणि पाणावावेतही. पण तिथे आपण म्हातारीला श्यामच्या डोळ्यांनी पाहतो. तिच्या नातवाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे कळायला आपल्याला पुढच्या पिढ्यांतल्या लेखकांची वाट पाहावी लागली. दोन्ही बाजूंची पुस्तके मुलांच्या हाती पडली पाहिजेत, ती यासाठीच.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. फी-सवलत मिळालेल्या मुलांची नावे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवणे, त्यांना व्यासपीठावर बोलावून गणवेश देताना फोटो काढणे, ही पद्धत अनेक संस्थांत आहे. हेतू चांगलाच असतो, देणगीदारांनाही समाधान वाटते. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला त्या दोन मिनिटांत सारा वर्ग आपल्याकडे बघताना दिसतो. ही मदत पालकांना कार्यालयात बोलावून शांतपणे देता येईल. हिशेब देणगीदारांना दाखवावा, मुले दाखवू नयेत.

आणि ग्रंथालयात 'झोंबी'च्या एकाऐवजी पाच प्रती ठेवाव्यात. नववी-दहावीच्या वर्गात ती वाचून झाली की शिक्षकांनी मुलांना तात्पर्य विचारू नये. आनंदाच्या वर्गात तुम्ही असता तर कुठल्या बाकावर बसला असता, एवढेच विचारावे.