वाघ दिसला का?

नेपाळमधल्या चितवनहून आम्ही उभयता परत आल्यापासून भेटेल त्याचा प्रश्न ठरलेला : "वाघ दिसला का?" नाही दिसला. साल वृक्षांचं घनदाट रान दिसलं, राप्तीच्या काठी चरणारे गेंडे दिसले. तरी विचारणाऱ्याचा चेहरा पडतोच! मला वाटतं, आपला प्रश्नच चुकतोय.

हे रान पूर्वी राणा घराण्याच्या शिकारीसाठी राखीव होतं. १९३८-३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात १२० वाघ आणि ३८ गेंडे मारले गेले. तरीही जंगल टिकलं, कारण मलेरियाच्या भीतीनं थारू लोकांखेरीज तिथे फारसं कोणी राहत नसे. १९५० नंतर डीडीटीची फवारणी झाली, डोंगरातली माणसं खाली उतरली आणि रानं तोडून शेतं झाली. १९६० च्या दशकाअखेरीस गेंडे जेमतेम शंभर उरले. १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राखणीला लष्कर आलं. २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४ गेंडे मोजले गेले.

वाचून आनंद होतो ना? पण गेंडा रात्री उद्यानाबाहेरच्या भातात शिरतो तेव्हा मचाणावर जागतो तो तिथला शेतकरी. पूर्वी ज्या रानातून गवत, लाकूड सहज मिळे, तिथे आता परवानगी लागते. म्हणजे जंगल वाचवल्याचं श्रेय सगळ्यांचं आणि जागरण मात्र त्याचं!

नेपाळच्या कायद्यानं उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा भोवतालच्या गावांसाठी ठेवला आहे. मला ही गोष्ट बंदुकीच्या पहाऱ्याइतकीच मोलाची वाटते. काठावरचा माणूस नाराज असेल तर कुठलंच कुंपण पुरायचं नाही.

कोणी म्हणेल, "आम्ही तिकिटाचे पैसे मोजले, आता गावाची काळजी आम्ही कशाला करायची?" मान्य, तो हिशेब सरकारनं ठेवावा. पण मुक्काम गावातल्या घरी करणं, वाटाड्या तिथलाच घेणं, एवढं तर आपल्या हातात आहे! आपल्या ताडोब्यातही एका वाघाभोवती जिप्सींची दाटी होते आणि चंद्रपूरकडचा शेतकरी जीव मुठीत धरून शेतावर जातो. त्याची आठवण किती जणांना होते?

तेव्हा मंडळी, यापुढे जंगलातून आलेल्याला जरूर विचारा, "काठावरच्या गावात कोण भेटलं? काय म्हणाले ते?" तुमचं मत वेगळं असेल तर तेही अवश्य कळवा.