चुंबकाचे कारखाने निघतील, डिस्प्रोशियमचे काय?

जुलै २०२५मध्ये राजीव बजाज यांनी जाहीर इशारा दिला: लोहचुंबक मिळाले नाहीत, तर ऑगस्टमध्ये बजाज ऑटोचे इलेक्ट्रिक वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. पुण्याच्या एवढ्या मोठ्या कंपनीचे घोडे मोटरमधल्या चुंबकापाशी अडले होते. त्याच वर्षी ४ एप्रिलला चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या सातांत डिस्प्रोशियम होता.

हा धातू लागतो थोडाच. १९८०च्या दशकात जपानच्या मासातो सागावा यांनी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचा जबरदस्त ताकदीचा चुंबक बनवला, पण तापला की त्याचा जोर ओसरतो. त्यात काही टक्के डिस्प्रोशियम घातला, की दीडशे अंशांच्या वरही तो तग धरतो.

एकेकाळी हा माल मुख्यतः दक्षिण चीनमधल्या जियांग्शीच्या लाल मातीतून निघे. तिथल्या डोंगरांची नासाडी फार झाली, तेव्हा चीनने खाणी आवरत्या घेतल्या आणि काम म्यानमारच्या काचिन राज्यात सरकले. डोंगरावर भोके पाडायची, त्यांत अमोनियम सल्फेटचे पाणी सोडायचे, खाली झिरपलेला द्राव प्लास्टिक अंथरलेल्या हौदांत आणायचा, रसायन टाकून साका बसवायचा आणि पोती भरून सीमेपार धाडायची. मागे ढासळणारे उतार आणि नासलेले ओढे उरतात. ऑक्टोबर २०२४मध्ये काचिनच्या बंडखोर सेनेने पांगवा हे खाणींचे ठाणे ताब्यात घेतले आणि पुरवठा खोळंबला.

चीनची खरी मक्तेदारी मात्र खाणीच्या पुढच्या टप्प्यात आहे. रेअर अर्थ धातू रासायनिकदृष्ट्या जुळ्या भावंडांसारखे. त्यांना वेगळे करायला आम्ल आणि द्रावकांच्या शेकडो टाक्यांमधून तोच द्राव पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. या कामात चीनने कित्येक दशके घातली.

२०१०मध्ये चीनने पुरवठा रोखल्यावर जपानने हात पोळून घेतले आणि लगेच ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीला भांडवल पुरवले. त्या कंपनीच्या मलेशियातल्या कारखान्यातून वेगळा केलेला डिस्प्रोशियम ऑक्साइड बाहेर पडला तो मे २०२५मध्ये. दरम्यान होंडाने दायदो स्टीलबरोबर डिस्प्रोशियमसारख्या जड रेअर अर्थविना चालणारा चुंबक तयार करून २०१६मध्ये हायब्रिड गाडीत बसवलाही.

भारताने नोव्हेंबर २०२५मध्ये वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निर्णय स्वागतार्हच. पण केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटमध्ये हलके रेअर अर्थच भरपूर, डिस्प्रोशियम नावापुरता. म्हणजे कारखाने देशात उभे राहिले, तरी तापणाऱ्या मोटरच्या चुंबकासाठी हात पसरणे चुकणार नाही. काचिनमधून माल आणण्याची चाचपणी भारत करत असल्याच्या बातम्याही आल्या आहेत. तिथले ओढे नासवून आपली वाहने स्वच्छ म्हणवून घेणे गैर आहे.

जपानसारखे दोन्ही रस्ते आत्ताच धरायला हवेत: परदेशी खाणींशी पर्यावरणाच्या कडक अटींसह दीर्घ करार आणि कमी डिस्प्रोशियमच्या चुंबकांवर संशोधन. तिसरा रस्ता घरातच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी मंजूर झाले. मोडीत निघालेल्या मोटारींतले चुंबक आज बहुधा लोखंडाच्या भंगाराबरोबर भट्टीत जातात. ते आधी वेगळे काढण्याची सक्ती झाली, तर या पैशातून हाताशी असलेला डिस्प्रोशियम तरी वाचेल. नियम करायला एखादी नवी खाण सापडायची वाट पाहण्याचे कारण नाही.