टाळ्या वाजवण्याआधी



गेल्या उपवासकाळात एका प्रार्थना शिबिरात आमच्याच मंडळीतल्या एक मावशी माईकसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "प्रभूने मला बरे केले. धडधडीच्या आणि झोपेच्या सगळ्या गोळ्या मी काल टाकून दिल्या." सभागृहात टाळ्या झाल्या, आलेलुया झाले. त्या टाळ्यांत आमचेही हात होते, हे आधीच कबूल करतो.

चौथ्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा आमच्या दारात. आईला तीन रात्री झोप नाही, हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत हातोडा पडल्यासारखे होते. मावशी खाटेवर बसून जपमाळ ओढत होत्या आणि एकच म्हणत होत्या, "माझा विश्वास कमी पडला." आम्ही त्यांना इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी पिशवीतली रिकामी पाकिटे पाहिली आणि विचारले, "ही गोळी किती वर्षे चालू आहे?" सहा वर्षे. अल्प्राझोलाम, रोज रात्री एक, कधी दोन. डॉक्टर म्हणाले, "विश्वास कमी पडला नाही, बाई. गोळी एकदम कमी पडली. बरे झाले लवकर आलात, यात फिटही येते." त्यांनी गोळी पुन्हा चालू केली आणि ती कित्येक महिन्यांत थोडी थोडी कमी कशी करायची ते लिहून दिले.

हा प्रसंग मावशींना विचारून लिहीत आहोत. त्यांचे नाव लिहिणार नाही, ओळखणाऱ्यांनीही बोलू नये.

सहा वर्षे. दर रविवारी त्या आमच्यापुढच्या बाकावर बसत होत्या आणि आम्हांला पत्ता नव्हता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली तालुक्यात किती दारांत ट्रक उभे राहिले, हे कारापूर-साखळीच्या माणसाला सांगायला नको. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा तेच. ट्रक थांबतो, बँकेचा हप्ता थांबत नाही. मावशींच्या घरीही ट्रक होता. तेव्हा एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती गोळी लिहून दिली होती. पुढे त्या परत गेल्याच नाहीत. का? दवाखान्याच्या बाकावर कोणी ओळखीचे भेटेल म्हणून. तीच जुनी, विटलेली चिठ्ठी दाखवून दूरच्या दुकानातून पाकीट आणायचे आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचे. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हते.

आमचे मत असे झाले आहे की या गोळ्यांचा अर्धा धोका गोळीत असेल, पण उरलेला अर्धा त्या तांदळाच्या डब्यात आहे. जे औषध लपवून घ्यावे लागते ते कोणी तपासत नाही, मोजत नाही, बदलत नाही. आणि लपवायला कोण लावते? आम्हीच. रक्तदाबाची गोळी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर उघडपणे घेतली जाते, साखरेची गोळी पेजेच्या ताटाशेजारी असते. भीतीची गोळी दिसली की मात्र कोणीतरी हळूच म्हणते, "प्रार्थना करत नाहीस का?"

काळजी करू नका, हे डोंगरावरचे वचन तर आम्ही आजारी माणसाच्या पाठीवर छडीसारखे वापरतो. प्रभूने ते उद्याच्या भाकरीची भ्रांत असलेल्या गरिबांना धीर द्यायला सांगितले, ज्याच्या मेंदूतली घंटा कारण नसताना वाजते त्याला आरोपी करायला नाही.

एलीया संदेष्टा आठवा. राजे पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत येतो तो त्याला रागावत नाही, विश्वासावर प्रवचनही देत नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. देवाच्या पर्वताची वाट त्यानंतर. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांची चकती बांधायला सांगितली. प्रार्थना ऐकली गेली म्हणून कोणी ती चकती फेकून दिली नाही. आमच्या कॅथॉलिक बायबलातला बेन सिराखचा अडतिसावा अध्याय तर वैद्य आणि औषध दोन्ही देवाकडूनच येतात असे शिकवतो. आजारात प्रार्थनाही कर आणि वैद्यालाही जागा दे, दोन्ही एका दमात.

आता गोळ्यांविषयी. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, औषधशास्त्र आम्हांला येत नाही. मावशींच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून घेतले तेवढेच सांगतो, तुमच्या गोळीविषयी तुमचे डॉक्टर सांगतील ते खरे.

भीतीच्या आजारावर मुख्यतः दोन तऱ्हेच्या गोळ्या देतात आणि लोक दोहोंना सरसकट "झोपेची गोळी" म्हणतात. घोटाळा इथूनच सुरू होतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या लवकर गुण देणाऱ्या. तासाभरात छाती शांत होते, म्हणून आवडतात, आणि म्हणूनच सवय लागते. डॉक्टर त्या सहसा थोड्या आठवड्यांपुरत्या देतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या दुसऱ्या तऱ्हेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थता वाढल्यासारखी वाटते आणि नेमके तेव्हाच माणूस म्हणतो, "ही मला मानवत नाही," आणि सोडून देतो. त्याऐवजी डॉक्टरांना फोन करावा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, विशेषतः तरुण मुलांना, तर त्याच दिवशी. या दुसऱ्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण त्याही एकदम थांबवल्या तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते. बरे वाटू लागले म्हणजे गोळी काम करत आहे, काम संपले असे नव्हे. कधी आणि किती कमी करायची ते डॉक्टरांनी ठरवावे. गरोदर राहिलेल्या मुलीनेही आपल्या मनाने बंद करू नये, आधी विचारावे. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

आणि फेणी. गोव्यात याबद्दल न बोलता कसे चालेल? हुर्राकाचा मोसम नेमका उपवासकाळाच्या आसपास येतो, त्यामुळे निदान चाळीस दिवस काहीजण वाचतात! अल्प्राझोलामसारखी गोळी आणि दारू, दोन्ही मेंदूला गुंगी आणतात. एकत्र झाल्या तर श्वास मंदावतो, माणूस झोपेतून न उठण्याचीही भीती असते. लग्नाच्या दिवशी गोळी चुकवून पेग घ्यायचा, हा मार्ग नव्हे. दुखण्यावरची ट्रामाडोल, कोडीनचे खोकल्याचे औषध यांच्याबरोबरही तोच धोका, म्हणून घेत असलेले प्रत्येक औषध, आयुर्वेदिक काढासुद्धा, डॉक्टरांपुढे मांडावे. म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो. गोळी नवी असताना स्कूटर दुसऱ्याला चालवू द्यावी.

शेजारणीला आपल्यातली गोळी देणे ही दया नव्हे. कायद्यानेही अल्प्राझोलाम, डायझेपाम यांना २०१४ च्या मार्चपासून कडक यादीत घातले आहे. पाकिटावर लाल चौकट असते, आणि दुकानदाराला डॉक्टरचे, रुग्णाचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर रागावू नका. मावशींना असा एक भेटता तर पाच वर्षे वाचली असती.

उपचार दूर आहेत असेही नाही. बांबोळीला सरकारची मनोरुग्णसंस्था आहे. पूर्वी ती आल्तिनोला होती आणि तिला आबे फारियांचे नाव होते, कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले, मनाच्या निद्रेचा अभ्यास करणारे धर्मगुरू. पणजीत त्यांचा पुतळा आपण सगळे बघतो, पण एका पाद्रीने मनाचा आजार नुसता सैतानाच्या माथी न मारता समजून घ्यायचा प्रयत्न केला, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही कधी सांगितले नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो.

आणि आपल्यासारख्या अडाणी माणसांचा उपयोग काय, असे वाटत असेल तर गोव्यातलेच उदाहरण घ्या. संगत या संस्थेने चोवीस सरकारी आणि खासगी दवाखान्यांत एक मोठा अभ्यास केला, तो २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्या साध्या माणसांना शिकवून डॉक्टरांच्या जोडीला बसवले. ती माणसे उदास आणि भयग्रस्त रुग्णांचे ऐकत, आजार समजावत, आणि गोळी लिहून दिली असेल तर ती नीट घेतली जाते ना ते बघत. सरकारी आरोग्य केंद्रांत अशी सोबत मिळालेले रुग्ण अधिक संख्येने बरे झाले. धर्मग्रामात आजाऱ्यांच्या भेटीला आम्ही जातोच. तिथे "गोळी संपत आली का, पुढची तारीख कधी?" एवढे विचारायला कोणती पदवी लागते?

शिबिरे भरवणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. देव बरे करतो यावर आमचा विश्वास आहे. पण औषध टाकून दिल्याची साक्ष माईकवर घेऊ नये. बरे वाटते आहे अशी साक्ष जरूर घ्यावी, आणि व्यासपीठावरूनच सांगावे की औषधाचे डॉक्टर ठरवतील. कुष्ठरोगी शुद्ध झाला तेव्हा प्रभूने त्याला आधी याजकाकडे तपासणीला पाठवले होते, गावभर सांगत फिरायला नाही.

मावशींची गोळी आता पाऊण झाली आहे. मध्ये एकदा कमी केल्यावर फार त्रास झाला, म्हणून डॉक्टरांनी महिनाभर तिथेच थांबवली. पाकीट आता तांदळात नसते, खिडकीत पाण्याच्या तांब्याजवळ असते, आणि किती उरल्या ते नवरा मोजतो. पुढच्या तपासणीला आम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहोत. त्या दिवशी आणखी कोणाला बांबोळीपर्यंत सोबत हवी असेल तर रविवारी मिस्सा संपल्यावर सांगावे. कशासाठी, ते विचारणार नाही.