मोबाईलवरची बंदूक आणि आपला ऊस



मागच्या महिन्यात गिरणाकाठच्या एका गावी आम्ही सभासदाच्या खळ्यात चहाला बसलो होतो. त्यांचा मुलगा आय. टी. आय. झालेला, हाताचा कसबी. त्याने बारदानाखालून एक वस्तू काढून दाखवली. लाकडी दस्ता घासून गुळगुळीत केलेला, नळी बसवायची तेवढी बाकी. “रायफल जुळवतोय,” म्हणाला. कुठे शिकलास, असे विचारले तर त्याने मोबाईल पुढे केला. “यामा समदं दखाडतस, काका!” बाप मान खाली घालून कपात पाहत होता. महिनाभरात त्याचा अर्धा एकर आडसाली डुकरांनी आडवा केला होता. हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पोराला नावे ठेवायला काय लागते?

गौताळ्याच्या डोंगराला लागून असलेल्या आपल्या तालुक्यात जनावरांचा त्रास नवा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये वरखेडे शिवारात नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली, ते दिवस कोण विसरेल? रात्रीची लाईट आली की बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला जायचे आणि सरीत काय बसले आहे ते ठाऊक नाही. अशा माणसाला हातात काहीतरी असावेसे वाटते. त्यात चूक आम्हाला दिसत नाही. चूक आहे ती मोबाईलला गुरू करण्यात.

आपल्याच कारखान्याचे उदाहरण घ्या. बॉयलर इन्स्पेक्टरचा दाखला मिळाल्याशिवाय कुणी अग्निप्रदीपन करील काय? पूजेचा मुहूर्त टळला तरी चालेल, दाखला पाहिजे. कारण आत दाब आहे, आणि दाबाला मालक-चाकर कळत नाही. बंदुकीची नळी म्हणजे क्षणभर दाब पेलणारे भांडेच. परवानाधारक कारखान्यात ती विक्रीआधी नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन तपासतात. खळ्यात जुळवलेल्या नळीची पहिली तपासणी होते ती जुळवणाऱ्याच्या गालाशी. व्हिडिओत नळी फुटलेली दाखवत नाहीत, कारण ज्याची फुटली तो व्हिडिओ टाकायला बसत नाही. यूट्यूब कंपनीने असले धडे दाखवायला २०१८ सालीच मनाई केली, तरी पोरांना ते कुठून ना कुठून सापडतातच.

नेम धरून उडाली तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. ८ जुलै २०२२ रोजी जपानमध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला तो घरी बनवलेल्या बंदुकीने. आपला पोर खुनी नाही, हे आम्हालाही कळते. पण बंदूक घरात राहते आणि बांधाचे भांडणही घरातच शिजते. चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीतील उमर्टीचे नाव आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या पोलिसांनी तिथवर जाऊन कट्ट्यांच्या भट्ट्या मोडल्या. डुकरासाठी जुळवली असे सांगितले तरी फौजदार दोहोंत फरक करील या भरवशावर राहू नका.

कायद्याने फरक नाहीच. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा, आणि सुटा भागही ‘बंदूक’ या शब्दातच येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बनवणाऱ्याला शिक्षा कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. सात वर्षांत किती खोडवे होतात ते मोजा.

काहीजण म्हणतील, रायफल नको, पाईपची कार्बाइड गन बरी. नुसता आवाज होतो, डुकरे पळतात. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ व आसपासच्या जिल्ह्यांत शेकडो जणांच्या, त्यातही मुलांच्या, डोळ्यांना याच नुसत्या आवाजाने इजा झाली. तीही मोबाईलवर पाहूनच केलेली. बार उडाला नाही म्हणून पोर वाकून आत बघते आणि तेव्हाच गॅस पेटतो. केळी पिकवायला बंदी असलेले हे कार्बाइड आपल्या जिल्ह्यात सर्वांना ओळखीचे, म्हणूनच त्याची भीती मेली आहे.

मग करायचे काय? त्याच शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी तोंडाकडून बार भरायच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. किती सभासदांना हे माहीत आहे? अर्ज केला की चौकशी, पोलीस अहवाल, चकरा. आम्ही गोड बोलणार नाही. आणि परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे; त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. नुकसानभरपाईही मिळते, पण पंचनामा झाला तर. आणि पंचनामा वेळेत होत नाही, ही खरी बोंब आहे. म्हणून तर पोरे मोबाईलकडे वळतात.

येथे कारखान्याने हात घातला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेतकी खात्याचा स्लिपबॉय ऊसनोंदीला प्रत्येक प्लॉटवर जातोच. त्याच वहीत डुकरांनी किती गुंठे पाडले याची नोंद घ्यायला काय हरकत आहे? गटातले पन्नास अर्ज एका दिवशी, एका गठ्ठ्याने वनखात्यात गेले तर ते बाजूला सारणे साहेबांनाही जड जाईल. एकट्याच्या अर्जाचे काय होते ते आपण पाहिलेच आहे. संचालक मंडळाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. नाही घेतला तर वार्षिक सभेत आम्ही उभे राहून विचारू.

त्या मुलाने दस्त्याचे काय केले, ते आम्ही विचारले नाही. त्याच्या वडिलांना मात्र सातबारा आणि पडलेल्या उसाचे फोटो घेऊन येत्या सोमवारी गट ऑफिसला यायला सांगितले आहे. फोटो मोबाईलवर पोरगाच काढणार आहे.