पिट्सबर्गची नऊ जणांची यादी



बरेच दिवस इकडे फिरकले नाही. आधी गुडघा, मग घरातलं लग्न, त्यात नोव्हेंबर-डिसेंबर कसे गेले ते कळलंच नाही. ज्यांनी चौकशी केली त्यांचे आभार.

आजचा विषय बेसबॉल आहे. हो, बेसबॉलच! हे वाचून आमच्या वन्सं हसणार, हे मला ठाऊक आहे. पण गेले दोन महिने हाच विषय डोक्यात आहे आणि त्यावर माझं एक ठाम मत झालंय. ते इथे नाही मांडायचं तर कुठे?

झालं असं, की डिसेंबरातल्या एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. आमच्या वयात अवेळी फोन आला की आधी छातीत धस्स होतं. पलीकडे पिट्सबर्गहून माझा बारा वर्षांचा नातू. "आजी, आपल्याला लाऊ मिळाला!" मी विचारलं, "किती होम रन?" तो म्हणाला, "एकतीस!" मागून लेकीचा आवाज आला, "अरे, आजीकडे आत्ता पहाट आहे!" पण मला त्याचं काही नव्हतं. मी उठून दिवा लावला आणि वही काढली.

ही वही गेल्या उन्हाळ्यातली. २०२५ मध्ये मी लेकीकडे सहा महिने होते. पिट्सबर्गच्या संघाचं नाव पायरेट्स. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते २००८ मध्ये, आपल्या उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन मुलं या संघाने घेतली तेव्हा. (क्रिकेटमधला रिंकू सिंग वेगळा.) दोघंही वरच्या पातळीपर्यंत पोचले नाहीत, पण नाव लक्षात राहिलं होतं. पुढे लेक त्याच गावात जाऊन राहील असं कोणाला वाटलं होतं!

खेळ समजायला मला फार वेळ लागला नाही. मी बीए मराठीची, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण पुष्कळ वर्षं मुलींच्या खो-खोचा संघही माझ्याकडेच होता. खो-खोत मैदानावर नऊ जणी, बेसबॉलमध्येही नऊ जण. नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याला आजीबद्दल एकदम आदर वाटू लागला.

आता या संघाचं दुखणं काय, ते सांगते. त्यांच्याकडे पॉल स्कीन्स नावाचा पिचर आहे. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. २०२३ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यात पहिलं नाव त्याचं होतं. २०२४ मध्ये तो त्यांच्या लीगमधला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. पिचरने दर नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या यावर त्याचा कस ठरतो. तीनच्या आत आलं तर उत्तम म्हणतात. स्कीन्सचा आकडा होता १.९७.

आणि एवढं करून त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? तेही दहाच!

१८ मे २०२५, रविवार दुपार. फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना मी आणि नातू टीव्हीवर बघत होतो. स्कीन्सने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एकच धाव दिली. आणि सामना हरला, १-० असा. आमच्या फलंदाजांना एक धाव काढता आली नाही. नातू काही बोलला नाही, उठून आपल्या खोलीत गेला. मला मात्र माझी एक विद्यार्थिनी आठवली. पहिल्या तुकडीत जायची आणि एकटी चार-चार मिनिटं हुलकावण्या द्यायची. पण आमची पाठलागाची पाळी आली की बाकीच्या मुलींना समोरच्या जेमतेम चार-पाच जणी बाद करता यायच्या. एका गुणाने हरायचो. मग ती पोर माझ्याकडे बघायची. त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नसायचं.

२०२५ च्या हंगामात पायरेट्स ७१ सामने जिंकले, ९१ हरले. तीस संघांमध्ये सगळ्यात कमी धावा यांच्या, ५८३, आणि सगळ्यात कमी होम रनही यांचेच, ११७. म्हणजे रोग काय आहे याबद्दल वादच नाही. पिचर आहेत, फलंदाज नाहीत.

अमेरिकेत आपल्या आयपीएलसारखा लिलाव नसतो. हंगाम संपला की नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक संघ आपली डागडुजी करतो. खेळाडू साधारण सहा वर्षं पहिल्या संघाच्या ताब्यात असतो. मग तो मोकळा होतो आणि जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जातो. शिवाय संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. पहाटेची बातमी होती ती अशीच. ब्रँडन लाऊने २०२५ मध्ये टँपा बेकडून ३१ होम रन मारले होते. तीन संघांच्या देवघेवीत तो पिट्सबर्गला आला आणि त्यासाठी पायरेट्सनी माइक बरोज हा तरुण पिचर सोडला. त्याच सुमारास रायन ओहर्न या फलंदाजाशी दोन वर्षांचा, दोन कोटी नव्वद लाख डॉलरचा करार झाला. त्याआधी काइल श्वार्बर या ५६ होम रनवाल्याला साडेबारा कोटींचा प्रस्ताव दिल्याच्याही बातम्या होत्या, पण तो पंधरा कोटींवर आपल्या जुन्या संघातच राहिला.

नातू खूश आहे. मीही आहे. बऱ्याच वर्षांनी या संघाने हिवाळ्यात हातपाय हलवले. पण माझ्या वहीतली यादी एवढ्याने संपत नाही.

पहिली गोष्ट, लाऊचा करार २०२६ च्या हंगामापुरताच आहे. पाहुणा म्हणून आलेल्याच्या भरवशावर घर बांधत नाहीत. हंगाम सुरू व्हायच्या आतच त्याच्याशी पुढचं बोलायला हवं, नाहीतर त्याच्या जागेवर कोण, हे ठरवून ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट, थर्ड बेस. तिथला कीब्रायन हेज जुलै २०२५ मध्ये सिनसिनाटीला गेला. झेल आणि फेक यांत तो पहिल्या दर्जाचा होता, पण बॅट चालत नव्हती. त्याच्या जागी रोज खेळेल असा भक्कम माणूस हवा. तीन जणांना आलटून पालटून उभं करणं म्हणजे वर्गाला रोज बदली शिक्षक पाठवण्यासारखं आहे.

तिसरी, शॉर्टस्टॉपची जागा. तिथे सगळ्यांचे डोळे कॉनर ग्रिफिनकडे लागले आहेत. २०२५ मध्ये एकोणीस वर्षांच्या या मुलाने खालच्या लीगच्या तीन पायऱ्या एका वर्षात चढल्या. हुशार मुलाला एकदम दोन इयत्ता वर बसवण्याचे प्रयोग मी पाहिले आहेत. काही तरतात, काही वर्षभर भांबावून बसतात. तयार असेल तर जरूर खेळवा. पण दुसरा कोणी आणला नाही म्हणून पोराच्या खांद्यावर ओझं, असं नको.

चौथी गोष्ट ओनील क्रूझ. सहा फूट सात इंच उंच. मे २०२५ मध्ये त्याने मारलेला एक चेंडू ताशी सुमारे १९८ किलोमीटर वेगाने गेला. २०१५ पासून असं मोजमाप ठेवतात, त्यात इतका जोराचा फटका दुसरा नाही. आणि हंगामाची सरासरी? .२००, म्हणजे पाच वेळा चेंडू खेळला तर एकदाच सफल. याच्यासाठी नवा खेळाडू नको, चांगला मास्तर हवा. पट्टीचा नसून धीराचा.

पाचवी, सगळे पिचर विकून फलंदाज घेऊ नका. पिचरचे हात मोडतात. जॅरेड जोन्स हा तरुण पिचर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२५ मध्ये एकही सामना खेळला नाही. कोठीत धान्य भरपूर दिसतंय म्हणून बियाणं दळून खायचं नसतं.

आता खरा मुद्दा. पिट्सबर्गमध्ये कोणाशीही बोला, एकच वाक्य ऐकू येतं, "स्कीन्सही जाणारच." लोकांचं चुकतही नाही. १९९२ नंतर बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि पुढची सलग वीस वर्षं, १९९३ ते २०१२, या संघाने जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त. जानेवारी २०१८ मध्ये गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन दोघंही काही दिवसांच्या अंतराने गेले. जुलै २०२५ मध्ये डेव्हिड बेडनार, तोही पिट्सबर्गजवळचाच मुलगा, न्यूयॉर्कला गेला. संघ शेवटचा विजेता झाला १९७९ मध्ये. २०१५ नंतर २०२५ पर्यंत एकदाही बाद फेरीत नाही. २०२५ मध्ये प्रेक्षक मैदानातच "संघ विका" म्हणून मालकांच्या नावाने ओरडत होते. जावई म्हणतात, "आई, लॉस एंजेलिस खेळाडूंवर तीस कोटी डॉलरच्या वर खर्च करतं. आपलं गाव लहान. आपण काय करणार?"

इथेच माझा मतभेद आहे. आसपासची उपनगरं धरली तर मिलवॉकी पिट्सबर्गहूनही लहान. त्यांनीही जॉश हेडर २०२२ मध्ये दिला, कॉर्बिन बर्न्ससारखा साय यंग विजेता पिचर २०२४ मध्ये दिला. प्रशिक्षकसुद्धा शेजारच्या शिकागोने नेला. तरीही २०२५ मध्ये ९७ सामने जिंकून तीसही संघांत सगळ्यांच्या पुढे कोण? मिलवॉकी! बर्न्सच्या बदल्यात आलेला जोई ऑर्टिझ त्या हंगामात त्यांचा शॉर्टस्टॉप होता. म्हणजे जाणारा जातो, पण त्याची जागा भरायचं काम तिथे कोणी थांबवत नाही.

हे मी एवढ्या तावातावाने का लिहिते आहे? कारण "चांगले जाणारच, मग कशाला राबायचं" हे वाक्य एकेकाळी मीच बोलले आहे.

ती हुलकावण्या देणारी मुलगी सातवीनंतर मोठ्या गावातल्या शाळेत गेली. त्यांनी फी माफ केली, वसतिगृह दिलं. पुढच्या वर्षी आणखी एक गेली. मी फार खट्टू झाले आणि शाळा सुटल्यावरचा सराव बंद केला. मुख्याध्यापकांना म्हटलं, "आपण घडवायच्या आणि त्यांनी न्यायच्या. नको तो उद्योग." दोन वर्षं मैदान रिकामं होतं. त्या दोन वर्षांत आमची एकही मुलगी कोणी नेली नाही. नेण्यासारखी एकही तयारच झाली नव्हती! ज्या खेळू शकल्या असत्या आणि कुठेही जाणार नव्हत्या, गावातच राहणार होत्या, त्यांचाही खेळ मी बुडवला. तिसऱ्या वर्षी एका पालकाने येऊन विचारलं, "बाई, माझ्या पोरीने काय केलं होतं?" तेव्हा डोळे उघडले. सराव पुन्हा सुरू केला. मुली जातच राहिल्या, पण संघ उभा राहिला.

म्हणून पिट्सबर्गच्या कारभाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. स्कीन्स २०२९ च्या हंगामापर्यंत तुमच्या ताब्यात आहे. २०२६, २७, २८, २९ असे चार उन्हाळे. २०२५ मध्ये त्याचा पगार पावणेनऊ लाख डॉलर होता, म्हणजे बेसबॉलच्या हिशेबात जवळजवळ फुकट. त्याच्यावर वाचलेला पैसा त्याच्या भोवतीच्या आठ जागांवर घाला. तो पुढे जाईल की राहील, हे आज कोणालाच माहीत नाही. पण चारांतला एक हिवाळा नुसता बसून काढला, तर पाव संधी गेली. आणि आत्ताच त्याला विकून चार होतकरू पोरं आणण्याचा सल्ला जे देतात, त्यांना मी विचारते, ती चार पोरं मोठी झाल्यावर काय करणार? विकणारच ना?

नातवाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजी, मग या वर्षी जिंकू?" मी म्हटलं, "ते नाही सांगता येत. पण १-० ने हरायला नको." त्याला ते पटलं असावं, कारण लगेच त्याने थर्ड बेससाठी तीन नावं सुचवली. ती वहीत लिहून घेतली आहेत.

असो. खूप लांबलं. लहान संघांनी मोठे खेळाडू धरून ठेवावेत की वेळीच द्यावेत, तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा. आणि वन्सं, हसून झालं असेल तर उन्हाळी हंगामात एक सामना माझ्याबरोबर बघाच. पोहे मी करेन.